पानमळ्यातला भूर्ज

समस्त लेकीसुनांना, जावयांना आणि ज्यांना दुपारी झोप लागत नाही अशा सर्व सज्जनांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की निजाम सरकारच्या अमलात, नांदेड मुक्कामी, वयाच्या नवव्या वर्षापासून पुढे साडेतीन वर्षं, मी एक भूर्जवृक्ष केवळ जिभेवर वाढवला. त्याला पालवी फोडली, ती पिवळी करून गाळली, पुन्हा फोडली, त्याच्या फांद्यांवर पक्षी आणून बसवले. या कामी मला ना पाणी लागलं ना खत. प्रत्यक्षातलं झाडही होतंच, पण त्याचं आणि माझ्या झाडाचं लवकरच पटेनासं झालं. हा जबाब मी पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता देत आहे. वकिलाची मुलगी आहे, एवढं तरी यायलाच हवं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, नांदेडच्या अदालतीत वकील होते. काळी शेरवानी, लाल रुमी टोपी, कचेरीत उर्दू आणि घरात मराठी, पण दोन्हीकडे बोलणं अगदी मोजकं. घरात आवाज होते ते बाकीच्यांचे. पहाटे गुरुद्वाऱ्याचा नगारा वाजायचा, पाठोपाठ आईची रवी सुरू व्हायची, आणि ताकावर लोणी येईपर्यंत मनमाडकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू यायची. त्या शिट्टीवर आई भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी आणि कुटलेल्या शेंगदाण्याची चटणी, हे आमचं जेवण. जेवायला पहिला मान अण्णांचा, आणि त्यांच्या पाटाशेजारी बसायचा हक्क माझा, कारण मी शेंडेफळ. माझा मोठा भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणायचो, करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या खात्यात, कारकून होता. त्याची नेमणूक उमरीला. गुरुवारी संध्याकाळी यायचा आणि शुक्रवारची सुट्टी संपली की परत जायचा. त्याची बायको मात्र आमच्याकडेच असायची. ती माझी वहिनी.

वहिनीचं मूळ घराणं औशाचं, पण तिचे वडील तरुणपणीच पोटामागे उत्तरेत गेले ते तिकडचेच झाले. नैनितालच्या वरच्या डोंगरात एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे. वहिनी तिथंच वाढली. त्यामुळे तिचं मराठी घडी करून ठेवलेल्या लुगड्यासारखं होतं. स्वच्छ, पण वापरातलं वाटायचं नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे ती चपला घालायची. आमच्या घरातल्या बायका देवळात, नदीवर, हळदीकुंकवाला अनवाणीच जायच्या. ही पहिल्या दिवसापासून घराबाहेर पडताना पायात चपला सरकवायची. शेजारणी आईला म्हणायच्या, "सून चपला घालून हिंडती म्हणं तुमची." आई म्हणायची, "हाव. तिच्या गावाला जमीनच थंड हाय, पायाला सवय न्हाई."  अण्णांनी हे पाहिलं असेल असंही कुणाला वाटलं नाही.

रीतीप्रमाणे आठ-नऊ वर्षांच्या नणंदेलाही तिला 'अहो वन्सं' म्हणावं लागे. चारचौघांत ती ते फार गंभीरपणे करायची, "वन्सं, आपण शेंबूड पुसता का?" आणि आम्ही दोघीच असलो की, "कुशे, इकडे मर." या दोन हाकांच्या मधोमध माझं सगळं बालपण सुखात गेलं.

पहिल्या उन्हाळ्यात वहिनी वाळत चालली. नांदेडचं ऊन तिने पाहिलं नव्हतं. ओला पंचा डोक्यावर घेऊन ती रांजणाच्या खोलीत, रांजणाला पाठ लावून बसायची, आणि ताटातली अर्धी भाकरी हळूच माझ्या ताटात सरकवायची. तिथंच मला तिने ते झाड सांगितलं. तिच्या घराशेजारी साहेबाचा बंगला होता. त्याच्या बागेत, जिथं झऱ्याचं पाणी झिरपून जमीन सदा ओली असायची, तिथं शोभेसाठी एक भूर्ज लावलेला होता. खोड दुधासारखं पांढरं. त्याची साल कागदासारखी सुटायची आणि ती तिच्यावर लिहून मैत्रिणींना चिठ्ठ्या पाठवायची. थंडीच्या तोंडाला सगळी पानं आठवड्याभरात हळदीसारखी पिवळी व्हायची. "आणि वारा आला ना कुशे, की पानं पावसासारखी वाजायची. मी फसून खिडकी लावून घ्यायची." आईने दारातून हे ऐकलं. तिने विचारलं, "पांढरं खोड म्हंजे कोड आलंय का त्या झाडाला?" वहिनी हसली. त्या उन्हाळ्यात ती हसली ती बहुतेक तेवढीच. पाऊस लागल्यावरही तिची भूक परतली नाही, आणि आई दादाला म्हणाली, "हिला माहेरी धाडली तर ही परत यायची न्हाई."

अण्णा तेव्हा पलीकडच्या खोलीत कागद चाळत होते. त्यांनी कुणालाही न सांगता व्याह्यांना पत्र लिहिलं.

थंडीत स्टेशनवरून एक लांबट पत्र्याचा डबा आला. आत ओलं शेवाळ, आणि शेवाळात गुंडाळलेली दोन हात लांब, अंगठ्याएवढी जाड काडी. आईने ती उलटसुलट पाहिली. "पानं धाडायचं इसरले का ते?" वहिनी काडीकडे बघतही नव्हती. तिने शेवाळात तोंड खुपसलं होतं आणि ती वास घेत होती, इतका वेळ, की अण्णा उठून बाहेर गेले.

काडी न्हाणीच्या सांडपाण्याशी लावली. वहिनी रोज सकाळी स्वतःच्या तांब्याने पाणी घालायची. माघात तिला पालवी फुटली, करवतीच्या काठाची चिमुकली पानं, आणि वहिनी पुरती भाकरी खाऊ लागली. पण चैत्र आला तसे पानांचे काठ करपायला लागले. मग अण्णांनी निकाल दिला, "याला गारवा पाहिजे. पानमळ्यात न्या." ओल्या गोणपाटात मुळं बांधून झाड छकड्यात चढलं. वहिनी दारात उभी राहून छकडा वळणाआड जाईपर्यंत बघत होती.

आमचा पानमळा नदीकडच्या मळईत, म्हणजे गाळाच्या जमिनीत, होता, गावापासून मैलभर. ज्याने उन्हाळ्यातला पानमळा पाहिला नाही त्याला मी काय सांगू? बाहेर धुळीला चटके बसत असत आणि कुंपणाच्या आत पाऊल टाकलं की भर दुपारी संध्याकाळ. शेवरीच्या उंच सरळ खोडांच्या रांगा, प्रत्येक खोडावर एक पानवेल, खाली पाटाचं पाणी, पायाखाली काळीभोर ओली माती, आणि हिरव्या तिखट पानांचा असा वास की श्वास घेतला तरी तोंड रंगेल असं वाटायचं. लांबून मोटेचं चाक कुरकुरत असायचं. मराठवाड्यात भूर्ज जगायचाच असेल तर तो तिथंच जगला असता. अण्णांचं चुकलं नव्हतं. पाणी, सावली, वारा, माती, सगळ्याचा त्यांनी विचार केला होता. एक गोष्ट तेवढी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी वाढताना वहिनीने हळूच विचारलं, "मी झाड बघायला कधी जाऊ?"  आई म्हणाली, "अगं, पानमळ्यात बायामाणसं जात न्हाईत. वेल जळतो." अण्णांचा घास हातात राहिला. जिच्यासाठी झाड मागवलं ती बाई आहे, हे त्या मोठ्या वकिलाच्या ध्यानात आलं ते तेव्हा.

मळा आमचा असला तरी त्यात चालायचं गंगारामबाबांचं. त्यांच्या आजा-पणज्यापासून पानमळा करणारं घर. वेलीला ते बाळंतिणीसारखं जपायचे आणि त्यांचे कायदे दोनच होते. "चपला आन् बाया, दोनी कुंपनाच्या भायेर," ते म्हणायचे. अण्णांनी एकदा शब्द टाकून पाहिला. गंगारामबाबांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि म्हणाले, "मळा मालकाचा हाय. येल माझे हायेत. बाई आत आली त मी भायेर." अदालतीत कुणालाही हार न जाणारे अण्णा घरी परत आले. मी मात्र लहान होते, परकरातली. मला बाई धरत नसत. त्यामुळे झाडाची खबर आणायची कामगिरी माझ्यावर आली. दर शुक्रवारी अदालतीला सुट्टी. अण्णा मळ्यात जायचे आणि मी त्यांचं बोट धरून.

पहिल्या पावसाळ्यापर्यंत मी प्रामाणिक होते, याची नोंद घ्यावी. मळ्यात भूर्जाला खरोखर नवी पानं आली, वहिनीला मी ती बोटांवर मोजून सांगितली. मग एका शुक्रवारी बघते, तर झाडाच्या बाजूच्या सगळ्या फांद्या छाटलेल्या, खोड शेणाने आणि चुन्याने लिंपलेलं, आणि बुंध्याशी एक पानवेल लव्हाळ्याने बांधून वर चढवलेली. मी ओरडले, "बाबा, हे काय केलंत?"

"काय केलं?" गंगारामबाबा म्हणाले. "कातडी सोलून राहिलं व्हतं ते. उभंच्या उभं सोलून राहिलं व्हतं. लेप नको द्यायला?"

"आणि फांद्या?"

"मळ्यात सरळ खोड उभं हाय, त्याच्यावर येल नको? शेवरीच्या फांद्या काढतो तशा काढल्या. नुसतं उभं राहून करंल काय ते?"

त्यांचा चेहरा इतका निष्पाप होता की मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा कुंपणाकडे बघत होते. घरी परतताना वाटेत ते एवढंच म्हणाले, "कुसुम, सूनबाईची तब्येत सध्या बरी आहे." मला काय सांगितलं गेलं ते मला बरोबर कळलं.

त्या रात्रीच्या जेवणाला मी झाडाला नव्या फांद्या फोडल्या. पुढच्या शुक्रवारी खोड दुधासारखं पांढरं केलं. त्यासाठी कल्पना फार ताणावी लागली नाही, चुना होताच. थंडी आली तेव्हा सगळी पानं हळदीसारखी पिवळी केली. वहिनी वाढता वाढता थांबायची. "वारा आला की वाजतात का हो वन्सं?" मी म्हणायची, "वाजतात. मी फसून पळाले, वाटलं पाऊस आला." मग एकदा माझं धारिष्ट फार वाढलं आणि मी झाडावर घरटं बांधलं. वहिनीने विचारलं, "कुठला पक्षी?" घरटं बांधण्याच्या नादात पक्ष्याचा विचार मी केला नव्हता. "पिवळा," मी म्हणाले आणि अडकले. "पिवळा, म्हणजे..." तेवढ्यात अण्णांनी आमटीचा भुरका मारला आणि ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "हळद्या असावा." माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात खोटा साक्षीदार उभा केला नाही, अशी त्यांची ख्याती होती. त्या दिवशी ते स्वतः उभे राहिले.

आता मी लातूरला असते. माझ्या घरामागे वितीएवढी बाग आहे आणि उन्हाळ्यात नळाची वाट बघत मी तिथं बादली घेऊन उभी असते. गारवा म्हणून काही मिळत नाही. मग मी डोळे मिटून मळ्यात जाते. तो मळाही आता राहिला नाही, तिथं वस्ती झाली. वहिनी गेली, तिलाही दोन पावसाळे झाले. लोक मला म्हणतात, तुम्ही गोष्टी किती रंगवून सांगता. त्यांना काय ठाऊक, मला ऐकायला कोण बसायचं. भाकरी थापताना हात थांबवून, तोंड किंचित उघडं ठेवून, पुढे काय म्हणून बघणारं ते माणूस. आता खोटं सांगावं असं कुणी उरलं नाही. आणि हो, वेली पुढच्या सालीही तशाच भरघोस चढल्या, एक पानही जळलं नाही. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी विचारायला नको.

साडेबारा वर्षांची असताना मी पहिल्यांदा बाहेर बसले. चार दिवसांनी न्हाऊन मला लुगडं नेसवलं, आणि शुक्रवारी मी नेहमीसारखी अण्णांबरोबर मळ्याच्या फाटकाशी गेले. गंगारामबाबांनी माझ्याकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं आणि आडवा हात धरला. "न्हाई ताई. आता तुमी बाई झाल्या." त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याचं होतं. अण्णा एकटेच आत गेले. मी कुंपणाबाहेर धुळीत उभी राहिले. आतला वास बाहेर येत होता आणि पाय पोळत होते. वहिनीला साडेतीन वर्षं काय वाटलं असेल ते मला तिथं पहिल्यांदा कळलं.

घरी येऊन मी तिला सांगितलं, आता खबर आणता येणार नाही. ती म्हणाली, "असू दे कुशे, मला सगळं पाठ आहे." आणि तिने मलाच ते झाड सांगितलं, फांदीन् फांदी, जिथं घरटं होतं तीसुद्धा. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

महिन्याभराने तार आली. वहिनीचे वडील गेले. दादा उमरीहून धावत आला, पण नैनितालपर्यंत पोचायचं म्हणजे तेव्हा चार-पाच दिवस, तोवर तिथं बघायला काय उरणार? आणि तिथं तिचं दुसरं कुणी नव्हतंच. म्हणून जाणं झालं नाही. वहिनी रडली नाही. तीन दिवसांचं सुतक धरलं, न्हायली. चौथ्या दिवशी शुक्रवार होता. अण्णा मळ्यात गेले होते, दादा बाजारात. वहिनीने केस बांधले, चपला घातल्या आणि आईला वाकून नमस्कार केला.

"कुठं निघालीस ग?" आईने विचारलं.

"माहेरी जाऊन येते."

आईने माझा दंड धरला. मग मला म्हणाली, "कुशे, पळ तिच्या मागं. स्टेशनाकडं वळली तर पदर धरून बस."

मी पळाले. नव्या लुगड्यात दोनदा अडखळले. वहिनी स्टेशनाकडे वळली नाही, नदीकडे वळली, आणि मला त्याचीही भीती वाटली. मग तिने मळईची वाट धरली तेव्हा मला सगळ्यांत जास्त भीती वाटली. मी तिचा पदर धरला. "वहिनी, तिथं जाऊ नका. तिथं तसं काही..." तिने पदर सोडवला आणि चालत राहिली. फाटकाशी कुणी नव्हतं. ती क्षणभर थांबली, खाली वाकली आणि आत गेली. माझ्यासमोर एक क्षण धूळ आणि ऊन होतं. मग मीही आत गेले.

आतला गारवा अंगावर आला तशी वहिनी डोळे मिटून उभी राहिली. मग तिने मला खुणेनेच विचारलं, कुठं? मी रांग दाखवली. तिसऱ्या रांगेत, पाटाच्या कडेला ते उभं होतं. चुन्याने आणि शेणाने जाड झालेला एक सोटा, माझ्यापेक्षा थोडा उंच, आणि त्यावर खालपासून वरपर्यंत चढलेली टवटवीत पानवेल.

वहिनी त्याच्यापाशी गेली. मग म्हणाली, "वन्सं, घरटं कुठल्या फांदीवर होतं?"

आम्ही दोघीच होतो आणि तिने मला वन्सं म्हटलं.

"नव्हतं," मी म्हणाले.

"आणि पिवळी पानं?"

"पहिल्या वर्षी होती. दोन."

ती गुडघ्यांवर बसली. नखाने लेप खरवडू लागली. एक खपली पडली, दुसरी पडली, आणि खालून पांढरं दिसलं. तिने अलगद टोक धरून ओढलं, तशी कागदासारखी पातळ साल सुटून तिच्या बोटांत आली. बुंध्याशी, वेलीच्या मागे, एक बोटभर फुटवा होता. त्यावर करवतीच्या काठाची चार पानं. जिवंत होतं.

"आरं देवा." मागून आवाज आला. गंगारामबाबा टोपली टाकून उभे होते. "भायेर व्हा माय. पाया पडतो. भायेर व्हा."

वहिनी उठली नाही. "बाबा, याला काही आजार नव्हता. याची साल अशीच सुटते, जन्मभर."

गंगारामबाबा तिच्या हातातल्या सालीकडे बघत राहिले. "मला काय ठावं? दर अवसेला लेप देत आलो. सुनंचं झाड हाय, आपल्या हातून मरू नये म्हनून."

तेवढ्यात मोटेच्या बाजूने, वेलींमधून वाट काढत अण्णा आले. डोक्याला टोपी नव्हती, धोतराचा सोगा वर खोचलेला. मला पाहिलं. सुनेला पाहिलं, चिखलात गुडघे टेकून बसलेली, हातात भूर्जाची साल, आणि आता, इतक्या दिवसांनी, गालांवरून पाणी. तिने डोक्यावरचा पदर सावरला, पण उठायचं तिला सुचलं नाही.

"मालक," गंगारामबाबा म्हणाले, "ह्या आत आल्या. आता तुमीच सांगा काय करायचं ते. तुमी म्हनाल ते मी ऐकतो."

मोट थांबली होती. पाटात पाणी वाहण्याचा आवाज तेवढा येत होता. अण्णांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांनी गंगारामबाबांकडे पाहिलं, मग खोडाकडे, मग त्या चार पानांकडे. निकाल द्यायच्या आधी मुन्सफ जसा घसा साफ करतो तसा त्यांनी घसा साफ केला, आणि त्यांच्या तोंडून निघालं,

"सूनबाई, चपला बाहेर काढल्यात ना?"